नव्याण्णव प्रश्न

१४ एप्रिल १९५४ रोजी मध्य प्रदेश सरकारने एक चौकशी समिती नेमली. तेव्हाचा मध्य प्रदेश म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल. समितीच्या अध्यक्षपदी डॉ. भवानीशंकर नियोगी होते. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती म्हणून साऱ्या प्रांतात त्यांचा दबदबा होता. समितीकडे काम दिले होते ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हालचालींची चौकशी करण्याचे.

या समितीची आठवण आज दोन प्रकारच्या लोकांना असते. एक तिचा अहवाल पुरावा म्हणून नाचवतात, दुसरे त्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. मधली हकिगत मात्र विस्मरणात गेली आहे. नागपूरच्या कॅथलिकांनी त्या दोन-तीन वर्षांत काय केले, कोणाकडे दाद मागितली, काय लिहिले, कुठे हरले, हे महाराष्ट्राच्या इतिहासात यायला हवे. घटना महाराष्ट्राच्या आजच्या उपराजधानीत घडली आणि तिचे धागे अजून तुटलेले नाहीत.

चौकशीचे मूळ नागपूरपासून दूर होते. १९४८ मध्ये सुरगुजा, जशपूर, रायगड, उदयपूर ही छोटी संस्थाने मध्य प्रांतात विलीन झाली. (हे रायगड आणि उदयपूर छत्तीसगडचे, आपल्या कोकणातले किंवा राजस्थानातले नव्हे.) राजेशाहीत तिथल्या काही संस्थानांनी धर्मांतरावर बंदी घालणारे किंवा ते अवघड करणारे कायदे केले होते. रायगडचा कायदा १९३६ चा, उदयपूरचा १९४६ चा. विलीनीकरणानंतर राज्यघटना आली, जुने निर्बंध गेले आणि रांचीकडच्या मिशनांचे काम या डोंगराळ मुलखात वेगाने पसरू लागले. उरांव आदिवासी मोठ्या संख्येने चर्चमध्ये जाऊ लागले. त्याच सुमारास झारखंडच्या स्वतंत्र राज्याची मागणी जोर धरत होती. नागपूरच्या सरकारला दोन्ही गोष्टी एकाच हाताचा खेळ वाटल्या. १९५२ मध्ये रमाकांत केशव ऊर्फ बाळासाहेब देशपांडे या मराठी वकिलाने जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू केला. म्हणजे समिती नेमली जाण्यापूर्वीच त्या मुलखात दोन्ही बाजू उभ्या राहिल्या होत्या.

समितीचे सभासद कोण होते हेही पाहण्यासारखे आहे. घनश्यामसिंह गुप्त, सेठ गोविंददास, रतनलाल मालवीय ही काँग्रेसच्या राजकारणातली नावे. ख्रिस्ती सभासद एकच, एस. के. जॉर्ज. वर्ध्याला प्राध्यापक असलेले गांधीवादी. ख्रिस्ती समाजाला त्यांची निवड रुचली नाही, कारण चर्चच्या चौकटीत ते कधी बसले नव्हते. पण त्यांनी अहवालावर सही केली, ही गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. परदेशी पैशावर आणि परदेशी माणसांवर उभ्या असलेल्या मिशनविषयी अस्वस्थ असणारे प्रामाणिक ख्रिस्ती तेव्हाही होते.

समितीने राज्याच्या चौदा जिल्ह्यांत दौरा केला. सुमारे सातशे गावांतल्या ११ हजारांहून अधिक लोकांशी आपण बोललो, असे अहवालात नमूद आहे. मग आली प्रश्नावली. तीत नव्याण्णव प्रश्न होते. मिशनच्या शाळांत काय शिकवतात, दवाखान्यात रुग्णाला धर्म सांगतात का, पैसा कुठून येतो, धर्मांतरानंतर माणसाची देशनिष्ठा बदलते का, अशा रोखाचे. प्रश्नावलीला ३८५ उत्तरे आली. त्यांपैकी ख्रिस्ती लोकांची फक्त ५५.

पंचावन्नच का? कारण कॅथलिकांनी अंग काढून घेतले होते. सुरुवातीला त्यांनी समितीला सहकार्य दिले होते. तेव्हा नागपूरचे आर्चबिशप होते युजीन डिसूझा, फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे. या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकात फ्रान्सजवळच्या सव्हॉय प्रांतातून आले आणि नागपुरात त्यांनी शाळा उभ्या केल्या. 'एसएफएस' हे नाव नागपूरकरांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे, त्यात शिकलेले बहुसंख्य हिंदूच. मध्य प्रदेशातल्या धर्मग्रामांनी मिळून एक कॅथलिक प्रादेशिक समिती उभी केली आणि तिची धुरा जी. एक्स. फ्रान्सिस यांच्याकडे गेली. ते धर्मगुरू नव्हते, प्रापंचिक होते. दौऱ्यातल्या सभांचा सूर आणि प्रश्नावलीचा रोख पाहिल्यावर ही चौकशी निवाडा आधी ठरवून चालली आहे, असे या कॅथलिक समितीचे मत झाले. तिने सहकार्य थांबवले आणि फ्रान्सिस नागपूर उच्च न्यायालयात गेले.

मला या सबंध प्रकरणात हे पाऊल सर्वांत मोलाचे वाटते. घटना लागू होऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. अल्पसंख्य समाजाने सरकारदरबारी अर्ज करायचे, शिष्टमंडळ न्यायचे, मंत्र्यांना भेटायचे, ही ब्रिटिश अमदानीतली रीत. फ्रान्सिस यांनी ती रीत सोडली आणि मूलभूत हक्कांचा आधार घेऊन नागरिक म्हणून दाद मागितली. १२ एप्रिल १९५६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने याचिका फेटाळली. वस्तुस्थिती शोधणारी समिती नेमण्याचा सरकारला अधिकार आहे, त्याने कोणाच्या मूलभूत हक्काचा भंग होत नाही, असा निर्णय दिला. मात्र काही प्रश्न निव्वळ गळ टाकून बसण्यासारखे आहेत, असेही त्याच न्यायालयाने नोंदवले. नियोगींनी आपल्या अहवालात हा शेरा लपवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

निकालानंतर तीन महिन्यांनी, जुलै १९५६ मध्ये, अहवाल प्रसिद्ध झाला. निष्कर्ष कडक होते. बहुतेक धर्मांतरे मनापासून झालेली नाहीत, आमिष, फसवणूक आणि दडपणातून झालेली आहेत. मिशनांचे काम पाश्चात्त्य राष्ट्रांच्या जागतिक धोरणाचा भाग आहे. धर्मांतराने माणूस राष्ट्रापासून तुटतो. शिफारशी त्याहून कडक: धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर करण्यास कायद्याने बंदी असावी, धर्मप्रसाराच्या हक्काची व्याप्ती घटनेत दुरुस्ती करून आवळावी, अनाथालये चालवण्याची जबाबदारी मुख्यतः सरकारने घ्यावी.

वैद्यकीय सेवा आणि अनाथालये यांविषयीच्या शिफारशींपाशी जरा थांबू या, कारण कॅथलिकांच्या वर्मी लागल्या त्या याच. टाकून दिलेले मूल उचलणे, कुष्ठरोग्याच्या जखमा धुणे, मरणाऱ्याजवळ बसणे हे त्यांच्या लेखी श्रद्धेला जोडलेले समाजकार्य नाही, ती श्रद्धाच आहे. जीव देवाचा आहे, म्हणून कोणताही जीव टाकाऊ नाही. ज्याला जीवनाचे पावित्र्य म्हणतात ती शिकवण मिस्सेच्या वेदीवर जितकी आहे तितकीच दवाखान्याच्या खाटेपाशी आहे. अहवालाने या खाटेकडे पाहिले आणि त्याला तिथे गळाला लावलेले आमिष दिसले. कुठे कुठे ते आमिष असेलही. रुग्णाच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याला बाप्तिस्मा देणारा माणूस माझ्या दृष्टीने अपराधी आहे, आणि असे कोणी केलेच नाही, असा दावा मी करणार नाही. पण काही जणांच्या अपराधासाठी सेवेचा हक्कच संशयित ठरवला, तर त्याची किंमत आर्चबिशप भरत नाही, खाटेवरचा रोगी भरतो.

आदिवासी मुलखातले कोडे याहून अवघड आहे. १८८५ मध्ये कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचा तरुण बेल्जियन जेझुइट धर्मगुरू आजच्या झारखंडातल्या छोटा नागपूरला आला. मुंडा आणि उरांव लोकांच्या जमिनी जमीनदारांनी गिळल्या होत्या, बिगारीने त्यांची पाठ मोडली होती. लिव्हन्सने जमिनीचे कायदे वाचले आणि कोर्टकज्ज्यांत त्यांच्या बाजूने तो उभा राहिला. हजारो लोक चर्चमध्ये आले. सात-आठ वर्षांत क्षयाने तो खंगला आणि मायदेशी जाऊन मेला. पुढे मिशनने सहकारी पतपेढी काढली, ती सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी. नियोगी समितीला मिशनच्या कर्जात धर्मांतराची किंमत दिसली. आता या कोड्याचे उत्तर कोणी द्यायचे? जमीन गेलेला माणूस त्याची जमीन सोडवणाऱ्याच्या देवाकडे वळला, तर त्याची श्रद्धा खोटी ठरते का? कोणत्या माणसाचा विश्वास पोट, मान, आजारपण, दुःख यांपासून सर्वस्वी अलग असतो? पंढरीची वाट धरणाऱ्याच्या मनात नवस नसतो का? समितीने उरांव माणसाला प्रश्न विचारले, पण स्वतःच्या बऱ्यावाईटाचा निर्णय त्याला करता येतो हे गृहीत धरले नाही. अहवालातला सर्वांत मोठा दोष मला हा वाटतो, आणि तो मिशनरी वृत्तांतांतही सापडतो. तिथेही आदिवासी 'मिळवलेले आत्मे' म्हणून मोजले गेले.

जशपूरच्या हवेत तेव्हा किती ताण होता, याची साक्ष एका फौजदारी खटल्यात मिळते. तिथे फ्रान्सिस आणि इतरांवर बदनामीची फिर्याद झाली होती. खटला जशपूरबाहेर न्यावा म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लिहिला विव्हियन बोस यांनी, हेही मूळ नागपूरचेच न्यायमूर्ती. न्याय मिळणार नाही असे नुसते म्हटल्याने खटला हलवता येत नाही, पण या भागात जातीय तणाव आहे हे दोन्ही पक्षांच्या कथनावरून दिसते, असे सांगून त्यांनी खटला तिथून हलवला. 'जी. एक्स. फ्रान्सिस विरुद्ध बांके बिहारी सिंग' हे प्रकरण खटला वर्ग करण्याच्या अर्जांत वकील आजही उद्धृत करतात. त्यामागे कोणता वाद होता हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

अहवालाला लेखी उत्तर मुंबईहून गेले. कॅथलिक असोसिएशन ऑफ बॉम्बेने १९५७ मध्ये पुस्तक काढले. लेखक ए. सोअरिस, मुंबईतले गोवेकर शिक्षणतज्ज्ञ आणि गोवामुक्तीचे पुरस्कर्ते. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, सत्याग्रही गोळ्या खात होते आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आपले राज्य कॅथलिक धर्माचे रक्षण करते, असे जगाला सांगत होता. अशा वेळी सालाझारला विरोध करणाऱ्या कॅथलिकानेच धर्मांतराने राष्ट्रनिष्ठा सुटते या आरोपाचे उत्तर लिहिले. अहवालातला हा मुद्दा खोडायला सोअरिस यांचे चरित्रच पुरेसे होते.

दिल्लीतही हा प्रश्न पोहोचला होता. धर्मांतर करणाऱ्यांची नोंदणी सक्तीची करणारे जेठालाल जोशी यांचे खासगी विधेयक लोकसभेत आले. डिसेंबर १९५५ मध्ये नेहरूंनी त्याला विरोध केला. अशा कायद्याने दुष्ट प्रकार फारसे थांबणार नाहीत, उलट लोकांचा छळ मात्र होईल, असा त्यांचा मुद्दा होता. विधेयक बारगळले. नेहरू मिशनऱ्यांचे चाहते नव्हते, म्हणून त्यांच्या या शब्दांना वजन आहे.

घटना समितीतही हा वाद होऊन गेला होता. ६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. धर्म पाळण्याबरोबर तो प्रसृत करण्याचाही हक्क द्यावा की नाही, यावर लोकनाथ मिश्र यांनी कडाडून हरकत घेतली. हा हक्क राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुनशी होते आणि टी. टी. कृष्णमाचारीही. ख्रिस्ती शाळांत शिकूनही आपल्याला कोणी बाटवायचा प्रयत्न केला नाही, असे कृष्णमाचारींनी सांगितले. मद्रासचे जेझुइट फादर जेरोम डिसूझा घटना समितीचे सभासद होते. ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव मतदारसंघांचा आग्रह सोडला होता. त्यांनी जे मागितले ते श्रद्धेचे स्वातंत्र्य होते, आणि घटनाकारांनी ते सर्वांसाठी मान्य केले.

सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी, हे नागपूरनेच दाखवले.

अहवाल बाहेर पडला जुलैत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमीला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. धर्मांतराच्या येवल्याच्या १९३५ च्या घोषणेला एकवीस वर्षे झाली होती. या सोहळ्याच्या निमित्ताने धम्म स्वीकारणाऱ्यांत एक नाव होते डॉ. भवानीशंकर नियोगी यांचे. धर्मांतरावर निर्बंध सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष तीन महिन्यांच्या आत स्वतः धर्मांतरित झाले.

याला ढोंग म्हणायला माझी जीभ धजत नाही. नियोगी विद्वान होते, त्यांनी जे केले ते विचारांती केले असणार. बौद्ध धम्म इथल्या मातीतला आणि चर्च बाहेरचे, असा भेद त्यांनी केला असावा. पण हक्क तोच होता. अंतरात्म्याला पटेल तो धर्म कोणाला न विचारता स्वीकारायचा, चारचौघांत तसे सांगायचे आणि दुसऱ्यालाही त्या वाटेने बोलवायचे. दीक्षाभूमीवर जमलेल्या महार बांधवांपैकी कोणीही जिल्हाधिकाऱ्याकडे आगाऊ नोटीस दिली नव्हती. त्यांना समतेची आस होती, माणूस म्हणून मान हवा होता. पुढच्या कायद्यांतली 'आमिष' या शब्दाची सैल व्याख्या त्या दिवशी लागू असती, तर एखाद्या अधिकाऱ्याने मान मिळण्याची आशाही आमिषात मोजली असती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात आले, जशपूर-सुरगुजा नव्या मध्य प्रदेशात राहिले, अहवाल भोपाळला गेला. बारा वर्षांनी तिथे त्याचे फळ दिसले. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य या नावाचे कायदे केले. मध्य प्रदेशच्या कायद्यानुसार धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे होते. फादर स्टॅनिस्लॉस यांनी तसे कळवले नाही म्हणून त्यांच्यावर खटला झाला. ओरिसाच्या उच्च न्यायालयाने आपला कायदा रद्द केला, मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने आपला ठेवला. १७ जानेवारी १९७७ रोजी, आणीबाणी चालू असताना, सरन्यायाधीश ए. एन. रे यांच्या घटनापीठाने दोन्ही कायदे वैध ठरवले. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे घटनापीठाने म्हटले. महाराष्ट्राचे महाधिवक्ता राहिलेले एच. एम. सिरवई यांनी हा निकाल चुकीचा आहे आणि तो बदललाच पाहिजे, असे लिहून ठेवले आहे. मला सिरवईंचे म्हणणे पटते. सांगण्याचा हक्क आहे, पण ऐकणाऱ्याला पटले की गुन्ह्याची शंका सुरू होते, हे कसले स्वातंत्र्य?

आणीबाणीतच जीवनाच्या पावित्र्याचा प्रश्न महाराष्ट्राच्या दारात आला. १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. मोडणाऱ्याला तुरुंग. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण सक्ती त्याआधीच सुरू होती. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याच वर्षाच्या सुरुवातीला माणसांना पकडून शिबिरात नेल्याची हकिगत पुढे देशभर गेली. कॅथलिक बिशपांनी सक्तीच्या नसबंदीला विरोध नोंदवला. गर्भपाताचा १९७१ चा कायदाही त्यांना मान्य नव्हता. तो कायदा ज्यांच्या समितीच्या शिफारशीवरून झाला ते शांतिलाल शहा महाराष्ट्राचेच मंत्री होते. गर्भपाताबाबत माझे अनेक वाचक चर्चशी सहमत होणार नाहीत. असुरक्षित गर्भपातात मरणाऱ्या बायकांचे दुःख त्या कायद्यामागे होते, हे मी मानतो. तरी सरकारला माणसाच्या शरीरावर शेवटचा शब्द नाही, हे १९७६ मध्ये बोलून दाखवणारे थोडे होते. चर्च त्यांच्यात होते.

धर्मांतर आणि जीवनाचे पावित्र्य हे दोन्ही प्रश्न एका कागदावर आले मार्च १९७९ मध्ये. जनता पक्षाचे खासदार ओमप्रकाश त्यागी यांनी सबंध देशासाठी धर्मांतरविरोधी खासगी विधेयक आणले होते. देशभर ख्रिस्ती मोर्चे निघाले. मदर तेरेसांनी पंतप्रधान मोरारजी देसाईंना खुले पत्र लिहिले. देवाची सेवा आपल्या अंतरात्म्याप्रमाणे करण्याचे स्वातंत्र्य काढून घेऊ नका, अशी विनवणी त्यात होती. गर्भपाताच्या कायद्याने देशात द्वेष वाढला, असेही त्यांनी त्याच पत्रात सुनावले. नागपूरच्या धर्मग्रामांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी झुंज दिली तीच इथे सरळ शब्दांत आली: जिवाची सेवा आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य त्यांना एकमेकांपासून तोडता येत नव्हते. जुलैत सरकार पडले आणि विधेयकही गेले.

आता आजकडे येऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सक्तीच्या आणि फसवणुकीच्या धर्मांतरांविरुद्ध कायदा करण्यासाठी राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५४ च्या समितीचा अध्यक्ष निदान निवृत्त न्यायाधीश होता.

अशा कायद्याचा भार कोणावर पडेल? सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचे कारखाने आहेत. तिथल्या मागांवर पद्मशाली, मोमीन, लिंगायत, बौद्ध, ख्रिस्ती कामगार शेजारी-शेजारी उभे असतात. त्यांतल्या बौद्ध कामगाराच्या आजोबांनी १९५६ नंतर धर्म बदलला तेव्हा त्यांनी सरकारी कचेरीत अर्ज केला नव्हता. उद्या या कामगारांपैकी कोणाला आपल्या मनाने कोणत्याही दिशेने जायचे असेल, चर्चमध्ये, विहारात, मशिदीत किंवा परत देवळात, तर त्याने पाळी बुडवून कलेक्टर कचेरीत रांग लावायची, हरकती मागवणारी नोटीस लागायची, कारखान्यात आणि भाड्याच्या खोलीच्या मालकाकडे चौकशी पोहोचायची. ज्याच्याकडे पैसा आणि वकील आहे तो यातून निभावेल. मागावरचा माणूस आपली श्रद्धा मनातच ठेवील.

फसवून किंवा दमदाटीने कोणाचा धर्म बदलला तर त्याला शिक्षा व्हावीच. फसवणूक आणि धमकी हे आपल्या फौजदारी कायद्यात पूर्वीपासून गुन्हे आहेत. त्यासाठी प्रामाणिक माणसाच्या श्रद्धेची नोंदवही ठेवण्याची गरज नाही. नियोगी समितीचा अहवाल आणि त्याला सोअरिस यांनी दिलेले उत्तर, दोन्ही वाचकांनी मिळवून वाचावीत, एक वाचून थांबू नये. आणि आपल्या आमदाराने या प्रश्नावर विधिमंडळात काय भूमिका घेतली, हे त्याला पुढच्या वेळी मत देण्याआधी विचारावे.